केस पेपरपासून खुर्च्यांच्या वर्तुळापर्यंत

घरातल्या एकासाठी मनोविकारांवरचे उपचार आणि पुढे आधारगट शोधायचं काम जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मार्गी लागलं. कोणासाठी, आजार कुठला, घडलं काय हे इथे सापडणार नाही; ते ज्याचं त्याचं आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रांगांत उभं राहून जे कळलं, ते क्रमाने लिहिते. जिल्ह्यागणिक तपशील बदलतात, क्रम फारसा बदलत नाही.

सगळ्यात आधी घोळ झाला तो शब्दांचा. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ ही पाटी आपल्याकडे दोन वेगळ्या माणसांच्या दारावर दिसते. एक म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध लिहिणं आणि दाखल करून घेणं हे त्यांचं काम. त्यांना मनोविकारतज्ज्ञ म्हणावं, म्हणजे फोनवर गोंधळ होत नाही. दुसरे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. मानसशास्त्रातल्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. किंवा त्या तोडीचं शिक्षण असतं आणि नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते चाचण्या घेतात, थेरपी (बोलण्यातून उपचार) करतात, औषध लिहीत नाहीत. तिसरे समुपदेशक. या एका शब्दाखाली दोन वर्षं शिकलेला माणूसही बसतो आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही, त्यामुळे शिक्षण विचारल्याशिवाय वेळ घेऊ नये. डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत आणि मानसशास्त्रज्ञांचं परिषदेच्या नोंदवहीत घरबसल्या तपासता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विचारलं म्हणून चांगला माणूस रागावत नाही.

चौथा माणूस पाटीवर नसतोच. सरकारी रुग्णालयात त्याचं पद ‘समाजसेवा अधीक्षक’ असतं. त्याच्याकडे नंतर येते, कारण गट शेवटी त्याच्याच टेबलावर सापडला.

पहिला फोन १४४१६ला केला. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. रुग्णाने स्वतःच फोन करायला हवा असं नाही, घरचे करू शकतात. मात्र दर वेळी नवा आवाज असतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून पाच ओळी लिहून ठेवल्या: वय, काय होतंय, कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत, आत्ता मदत काय हवी आहे. शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी. ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की बोलणं धीर देण्यापाशी थांबतं. ‘आमच्या तालुक्याला सगळ्यात जवळची मनोविकार ओपीडी कुठे आणि कुठल्या वारी?’ असं विचारलं की माहिती मिळते.

इथे एक गोष्ट मध्येच, पण क्रमापेक्षा महत्त्वाची. जीव द्यायचं बोलणं सुरू असेल, कसा आणि कधी इतका विचार झालेला असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहायची नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपाबाहेर ठेवायची नाहीत, आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं किंवा ११२ला फोन करायचा. पोलिसांच्या भीतीने अनेक घरं इथे वेळ घालवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये कलम ११५ आहे: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा करत नाही. १ जुलै २०२४ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उतरलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल. त्यासाठी उपचार थांबत नाहीत.

जूनचा शेवटचा आठवडा ओपीडीत गेला. त्यातला पहिला दिवस वाया. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले वार ठरलेले असतात, आणि त्या दिवशी मुख्य ओपीडीत डॉक्टर नसतात किंवा एकटेच असतात. दारावरचा तक्ता जुना होता. तेव्हापासून नियम केला: आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या मनोविकारचे डॉक्टर आहेत ना?’ एवढंच विचारायचं. केस पेपरची खिडकी दुपारी लवकर बंद होते, नऊच्या आत पोचलेलं बरं. आधारकार्ड, मोबाइल आणि आधीचे सगळे कागद सोबत हवेत. खिडकीवर ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारलं जातं आणि मागची रांग ऐकत असते. ‘मनोविकार ओपीडी’ एवढंच उत्तर पुरतं, तक्रार आत सांगायची. पहिल्यांदा ते दोन शब्द मोठ्याने म्हणताना घसा कोरडा पडतो, हे मान्य करते.

खर्चाचं सांगायचं तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे हा निर्णय लागू नाही. पण तिथलं शुल्कही खासगीच्या मानाने किरकोळ असतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे गेलं की ठेवूनच घेतात ही समजूत चुकीची आहे. केस पेपर काढायचा, तपासून घ्यायचं, औषध घेऊन घरी यायचं, इतर कुठल्याही ओपीडीसारखंच.

डॉक्टरांसमोर आपल्या वाट्याला दहा मिनिटं येतात. त्यात आठवून सांगायला बसलं तर तीन मिनिटं रडण्यात आणि चार वाद घालण्यात जातात (‘तसं नाही, आधी झोप गेली, मग भूक’). त्याऐवजी एक पानभर लिहून न्यावं. झोप किती तास, कधी मोडते; खाणं, वजन; काम किंवा शाळा किती दिवस बंद; पहिल्यांदा कधी जाणवलं; आधी घेतलेली औषधं मिलिग्रॅमसह आणि ती का थांबवली; दारू-तंबाखूसह सगळी व्यसनं खरी खरी; घराण्यात कोणाला असं काही; थायरॉइड, साखर, फिट्स; आणि मरणाचे विचार येतात का. शेवटचा प्रश्न लिहिताना हात थांबतो. लिहाच. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही.

काही ठिकाणी नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ नावाचा कागद भरायला देतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्यावर गेलं तर नैराश्याची नीट तपासणी करावी असा संकेत धरतात. ते निदान नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे, कशाचा ताप ते त्यातून कळत नाही. म्हणून तर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२ आणि साखर तपासायला सांगितली. हे ‘टाळाटाळ’ वाटलं होतं. पण थायरॉइड मंदावल्यानेही माणूस असाच गळून जातो, तेव्हा ते आधी बघणंच बरोबर.

औषधं सुरू झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात वाईट, आणि याची कल्पना कोणी आधी देत नाही. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती किंवा अस्वस्थपणा मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच येतो. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. याच फटीत घरोघरी गोळ्या बंद होतात. आपणहून बंद करू नयेत, डॉक्टरांना कळवावं. अस्वस्थपणा फार वाढला किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी. सरकारी औषधालयातून बहुधा पंधरा दिवसांची किंवा महिन्याची औषधं मिळतात. एखादी शिल्लक नसेल तर ती बाहेरून घेण्यासाठी चिठ्ठी वेगळी लिहून मागावी, कारण ही औषधं दुकानदार फोटोवर देत नाहीत, मूळ चिठ्ठी लागते. जनऔषधी केंद्रात गोळीतल्या घटकाचं नाव सांगून विचारलं तर बऱ्याच गोळ्या स्वस्तात मिळतात.

जुलै आणि ऑगस्ट थेरपिस्ट शोधण्यात गेले. सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ होते, पण पुढची वेळ पाच आठवड्यांनंतरची. ती घेऊन ठेवली आणि मधल्या काळात खासगीत विचारलं. फी सत्राला ८०० ते २००० रुपये सांगितली गेली, सत्र ४५ ते ५० मिनिटांचं, आठवड्याला एक. चौकशी करता दोन ठिकाणी कळलं की ऐपतीप्रमाणे कमी फीच्या काही वेळा राखून ठेवलेल्या असतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत देखरेखीखाली शिकणारे विद्यार्थीही सत्रं घेतात, तीही वाट वाईट नाही.

फोनवर मी पाच प्रश्न विचारत असे. शिक्षण आणि नोंदणी काय? पद्धत कुठली? साधारण किती सत्रं, आणि फरक पडतोय हे कशावरून ठरवायचं? ऐनवेळी रद्द केलं तर पैसे लागतात का? आणि आम्ही सांगितलेलं तुम्ही कोणाला, कधी सांगाल? या शेवटच्याचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं ठाम आलं तर उलट सावध व्हावं. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गुप्तता मोडावी लागते, आणि जाणकार माणूस ते पहिल्याच भेटीत सांगतो. ‘गोळ्या बंद करा, मी बघतो’ म्हणणारा, दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ विकणारा, ‘शंभर टक्के बरं करू’ म्हणणारा, असे तिघे भेटले. तिघांकडे परत फोन केला नाही.

पहिली दोन-तीन सत्रं माहिती घेण्यातच जातात. ‘नुसतं बोलून घेतात’ ही तक्रार त्या काळातली असते. चौथ्या सत्रानंतरही बोलताना अवघडलेपण तसंच असेल तर थेरपिस्ट बदलायला हरकत नाही. तसं त्यांनाच सांगितलं तर ते दुसरं नाव सुचवतात, न सांगता गायब होण्यापेक्षा ते बरं.

सप्टेंबरमध्ये गटाचा शोध. यात मी सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या जागी घालवला. इंटरनेटवर जे सापडतं त्यात निम्मे बंद पडलेले गट, उरलेल्यांत बरेचसे कार्यशाळांचे. चालू गट जाहिरात करत नाहीत. सभासदांची नावं बाहेर येऊ नयेत म्हणून ते मुद्दामच कमी दिसतात. त्यांची माहिती असते ती रोज असल्या घरांशी बोलणाऱ्या माणसाकडे. ओपीडीतल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारलं, तर त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली: गटाचं नाव, वार, जागा, कोणासाठी. दहा मिनिटांत काम झालं. त्यांच्याकडे जायला वेगळा केस पेपर लागत नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा चांगली आहे. व्यसनमुक्तीसाठी पुण्यातलं मुक्तांगण १९८६पासून, ठाण्याची मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच ही संस्था १९९०पासून, स्किझोफ्रेनियासाठी पुण्यातली ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन). याच वर्तुळांत ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ हे शब्द रुळले: आजार असलेला तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ यांपेक्षा हे शब्द तोंडात बरे वाटतात. मोठ्या संस्थेचा गट लांब पडत असला तरी तिथे फोन करावा, आपल्या भागातल्या गटाची माहिती त्यांना असते.

गट तीन तऱ्हांचे असतात आणि हा फरक समजल्यावर निम्मी निराशा टळते. आधारगट: त्याच अनुभवातून गेलेली माणसं, फी नाही किंवा नाममात्र, कधीही या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस यातलाच, १९३५ साली अमेरिकेत दोन दारूड्यांनी सुरू केलेला. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन वेगळा. तिथे फी नसते, पिशवी फिरते, टाकलं तर टाकलं. ‘खुल्या’ सभेला कोणीही जाऊ शकतं, ‘बंद’ सभेला फक्त ज्याला दारू सोडायचीय तोच. नवख्याने आधी खुली गाठावी. दुसरा माहितीगट: आजार, औषधं, आजार पुन्हा उलटण्याची चिन्हं हे शिकवतात, चार-सहा बैठकांत संपतो. तिसरा थेरपी गट: प्रशिक्षित थेरपिस्ट चालवतो, सहा ते दहा माणसं, बैठक दीड तासाची, बहुधा बंद, म्हणजे सुरू झाल्यावर मध्ये नवा माणूस घेत नाहीत. वाट बघावी लागते ती याच कारणाने. आम्हाला पुढच्या तुकडीसाठी सात आठवडे थांबायला सांगितलं, तोवर आधारगटात गेलो.

थेरपी गटात घेण्याआधी एकट्याची एक भेट होते. ती परीक्षा नसते. नुकताच आजाराचा मोठा झटका येऊन गेलेला, नशेत येणारा किंवा आत्ता जिवाचा धोका असलेला माणूस गटात बसवला तर त्याचंही आणि इतरांचंही नुकसान होतं, म्हणून ती गाळणी. नकार मिळाला तर ‘आत्ता नाही’ आणि ‘इथे नाही’ यांतलं काय, ते विचारून घ्यावं.

पहिल्या बैठकीला दहा मिनिटं आधी पोचा. वर्तुळात खुर्च्या मांडलेल्या असतात, दाराजवळची पकडा. उठून जावंसं वाटलं तर सोपं पडतं. नाव विचारतात, आडनाव नाही. ‘आज मी फक्त ऐकेन’ हे वाक्य सगळीकडे चालतं. दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही, इथलं इथेच ठेवायचं. हे तीन नियम सुरुवातीला कोणी म्हणून दाखवले नाहीत तर तो गट ढिला आहे असं समजा. आणि परत येताना डोकं जड होतं, झोप येते, कधी कधी आधीपेक्षा वाईट वाटतं. त्या संध्याकाळी दुसरं काम ठेवू नये. एका बैठकीवरून ठरवू नका, तीनदा जाऊन बघा.

गट कुठे बिघडतात तेही पाहिलं. एकच जण चाळीस मिनिटं बोलतो आणि चालवणारा थांबवत नाही. गोळ्यांची तुलना सुरू होते, ‘मी ती सोडली, तूही सोड’. शुभार्थी आणि शुभंकर एकाच खोलीत बसतात, मग मुलगा आईसमोर गप्प आणि आई मुलासमोर खोटं हसते. त्यांच्या बैठका वेगळ्या हव्यातच. सगळ्यात साधी चूक व्हॉट्सॲपची. गटात घातलं की नंबर, फोटो, नाव सगळ्यांना दिसतं, आणि त्यात कोणाचे तरी ऑफिसचे ओळखीचे निघतात. आम्ही विचारून घेतलं की निरोप एकेकट्याला पाठवाल का. संयोजक लगेच हो म्हणाले. आधी कोणी मागितलंच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये कागदपत्रं उरकली. नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारात उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारा आपण नेमलेला माणूस) कोण, हे माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून सही केली की चालतं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १४ तेवढंच मागतं. आपले वैद्यकीय कागद बघायचा-मिळवायचा हक्क कलम २५ने दिलाय, तेव्हा डॉक्टर बदलताना सारांश लेखी मागावा. विम्याच्या बाबतीत मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, असं कलम २१ सांगतं. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, त्यामुळे ओपीडी आणि थेरपीचा खर्च खिशातूनच गेला. आजार लांबलेला असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात, सवलतींसाठी बहुधा ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीच्या दिवशी माणूस बरा दिसला तर टक्के कमी भरतात, म्हणून वर्ष-दोन वर्षांचे जुने कागद तारखेने लावून न्यावेत.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी थेरपी गटाची नवी तुकडी सुरू झाली. बारा बैठका, आठवड्याला एक. पहिल्याच दिवशी सांगितलं: गट सोडायचा असेल तर सोडा, फक्त फोनवरून नको, एकदा येऊन निरोप घ्या, नाहीतर उरलेल्यांना आठवडाभर काळजी लागून राहते. आधारगटाची पहिल्या शनिवारची वेळ आम्ही तशीच चालू ठेवली आहे. औषधाची पुढची चिठ्ठी २८ तारखेला.